जुने रिव्हॉल्व्हर, नवे पिस्तूल



आपल्यापैकी काही घरांत वाडवडिलांचे परवान्याचे हत्यार अजून कपाटात आहे, म्हणून आम्ही हा विषय घेतला. १८७३ चे कोल्ट रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचे. पण जाणते लोक पाचच भरीत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवीत. कारण हत्यार हातून निसटून घोड्यावर आपटले, की बार उडे! दिसायला मात्र तेच देखणे, हे आम्ही कबूल करतो.

ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ साली पसंत केलेल्या ग्लॉक पिस्तुलात असा अपघात टळावा म्हणून तीन अटकाव आहेत. सांगाडा प्लास्टिकचा, मॅगझिनमध्ये गोळ्या सतरा. पण मॅगझिन काढले तरी नळीत चढलेली गोळी तशीच राहते. ‘रिकामे आहे’ म्हणत चाप ओढणारे फसतात ते येथेच. तेव्हा आधी मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढून आत डोळ्यांनी पाहावे, बोटानेही चाचपावे.