सहलीच्या फोटोत आपण नसलो तर?

(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



सहलीचे फोटो दाखवायला आपण सगळे उत्सुक असतो, बघायला मात्र कोणी तयार नसतं. कारण मागे ताजमहाल आणि पुढे आपणच! म्हणून आज मी माझे फोटो आणलेले नाहीत. आमच्याच धंद्यातल्या एका माणसाविषयी बोलतो.

आल्बेर कान हा फ्रेंच बँकर. पॅरिसच्या एका बँकेत कारकून म्हणून लागला, पुढे स्वतःची बँक काढून गडगंज झाला. १९०७ साली ल्युमिएर बंधूंनी रंगीत फोटोच्या काचा बाजारात आणल्या. त्यात रंग टिपायचं काम करत बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण! या काचा देऊन कानने १९०९ ते १९३१ या काळात सुमारे ५० देशांत फोटोग्राफर पाठवले. त्यातला स्टेफान पासे १९१३-१४ मध्ये आपल्याकडेही येऊन गेला. बाजार, पोशाख, गल्ल्या, कामधंदे, सगळं टिपायचं. जगण्याच्या जुन्या तऱ्हा लवकरच जाणार, हे कानने ओळखलं होतं.

१९१३ मध्ये दोन फ्रेंच स्त्रिया त्याच्यासाठी आयर्लंडला गेल्या. गॉलवेजवळ क्लाडा नावाचा कोळीवाडा होता. तिथली लाल पोशाखातली मुलगी आणि गवताने शाकारलेली घरं त्यांनी टिपली. साध्या फोटोत तो लाल रंग काळाच दिसला असता. १९३० च्या दशकात ती घरं पाडून नवी बांधली. रीडेव्हलपमेंट म्हणा ना! नवी घरं सोयीचीच असणार, माझी तक्रार नाही. पण जुनी कशी होती हे दाखवायला त्या काचा आहेत.

या काचेवर फोटो काढताना माणसाला काही सेकंद स्तब्ध राहावं लागे. म्हणजे आधी बोलणं, विनवणं आलंच. आज आपण चालत्या बसमधून भाजीवालीचा फोटो ओढतो, ते मला पटत नाही. विचारावं. नाही म्हणाली तर पुढे जावं.

१९२९ च्या पडझडीत कान बुडाला. ७२,००० काचा मात्र पॅरिसशेजारच्या त्याच्या संग्रहालयात शाबूत आहेत. ताळेबंदात ही जमा कुठे दाखवायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आपल्याही इमारतीच्या रीडेव्हलपमेंटची चर्चा सुरू आहे. स्मरणिकेसाठी कमिटीकडे सत्काराचे फोटो ढिगाने आले. वॉचमनची केबिन, गच्चीवरचे पापड, इस्त्रीवाल्याची टपरी यांचा एकही नाही. पुढच्या सहलीला निघण्याआधी तेवढे काढून ठेवा. इस्त्रीवाल्याला विचारून.