हात वर करणारी बाई



वर्धापनदिन आला की मला चार शब्द बोलावयास सांगतात, आणि मी जुन्या आठवणी सांगून वेळ भागविते. आज मात्र एका नव्या खुणेविषयी बोलणार आहे. आपल्या फोनमधील हात वर केलेली ती बाई!

या चित्रखुणांना इमोजी म्हणतात. शब्द जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. सगळ्या फोनांत त्या सारख्याच उमटाव्यात म्हणून युनिकोड ही संस्था त्यांची यादी ठेवते. २०१० साली त्या यादीत हात वर केलेली हसरी व्यक्ती आली आणि नुसता उभा पंजाही आला. पहिलीचा अर्थ 'मी आहे', 'मला बोलायचे आहे', 'मी करते'. पंजाचा अर्थ मात्र 'थांबा' असाही होतो. गेल्या हळदीकुंकवाला तिळगूळ कोण करणार, असे मी गटावर विचारले. एका सूनबाईंनी पंजा पाठविला आणि मी त्यांच्या नावावर दोन किलो तीळ मांडून मोकळी झाले! "काकू, म्या तं नाही म्हनलं होतं वो," त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. तिळगूळ मात्र त्यांनीच केला, हे सांगितलेच पाहिजे.

पूर्वी बहुतेक फोनांत ही हात वर करणारी व्यक्ती बाईच काढलेली असे. पुरुषाची वेगळी खूण २०१६ साली आली. हे कळले तेव्हा मला हसू आले. मग आपली ग्रामसभा आठवली.

ग्रामसभेपूर्वी बायकांची वेगळी सभा घ्यावी, असा आपल्या राज्याचा कायदा आहे. त्या सभेत आपण शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाला नळजोडणी मागितली. आदल्या रात्री गटावर तेवीस हात वर झाले, पहिला माझा. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत विषय निघाला. "संमती असेल त्यांनी हात वर करावेत," असे सांगण्यात आले. समोर माझे भासरे बसले होते. मी पदर सावरला, आणि हात पदरातच राहिला. मोजले तेव्हा चार हात भरले. विषय पुढे ढकलला गेला. माझी नात त्याच शाळेत जाते आणि दुपारपर्यंत पाणी पीत नाही.

पुढल्या ग्रामसभेत तो विषय पुन्हा घ्यावा, असा अर्ज मी दिला आहे. भासऱ्यांना घरीच सांगून ठेविले आहे.