उचलीच्या दिवसांतलं टार्गेट



पदवीनंतर बीडमध्ये विमा विकणाऱ्या एका कार्यालयात मला नोकरी लागली. सकाळी नऊला मीटिंग. ज्याचं टार्गेट अपुरं, त्याला सगळ्यांसमोर उभं करायचे. संध्याकाळी साहेबांचा एकच प्रश्न, "आज किती?" शून्य म्हटलं की घरी जाता येत नसे.

आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. हंगामापूर्वी मुकादमाची उचल घरात येते. नेमकं तेव्हाच आमचं टार्गेट वाढायचं. धारूर तालुक्यातल्या एका मावशींना मी म्हणालो, "ही एफडीच आहे, एकदाच भरायचं." वीस हजार घेतले. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

खरं तर हप्ता दरवर्षी होता. पॉलिसी हातात आल्यावर 15 दिवसांत परत करता येत असे, हेही मी लपवलं. कारखान्यावरून परतल्यावर मावशी आल्या. "लेकरा, एफडी मोडून दे." मुदत केव्हाच संपली होती. पैसे बुडाले.

त्यानंतरही मी सात महिने तिथंच होतो. बहिणीचं लग्न ठरलं होतं. दबाव साहेबांचा होता, पण खोटं माझ्या तोंडचं होतं.

तुमच्यातले काहीजण अशाच नोकऱ्यांत आहेत. 2024 पासून परतीची मुदत 30 दिवस झाली आहे. पॉलिसी देताना ग्राहकाला एवढं सांगा. टार्गेट कमी भरेल. साहेब उभं करतील. तरी सांगा.