चुलीचा हिशेब सभागृहात कोण मागणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेले भाषण.)



संसदीय लोकशाहीत सरकारला जाब विचारणे म्हणजे नेमके काय, असा प्रश्न आला की मला १९६३ सालच्या ऑगस्टमधील लोकसभा आठवते. स्वतंत्र भारतातील पहिल्या अविश्वासाच्या ठरावावर तेव्हा चर्चा चालू होती. डॉ. राममनोहर लोहिया पोटनिवडणुकीतून नुकतेच सभागृहात आले होते. देशातील सत्तावीस कोटी माणसे रोज तीन आण्यांवर गुजराण करतात, असे त्यांनी मांडले. पंतप्रधान नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. कोणाचा आकडा अधिक बिनचूक होता, हा वाद अर्थशास्त्रज्ञांनी पुढे चालू ठेवला. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. सामान्य माणसाच्या रोजच्या खर्चाला त्या दिवशी देशाच्या सर्वोच्च सभागृहात जागा मिळाली आणि पंतप्रधानांना आकड्याचे उत्तर आकड्याने द्यावे लागले.

आज मला अशाच एका घरगुती आकड्याविषयी बोलायचे आहे. तो आकडा म्हणजे स्वयंपाकाच्या इंधनाचा खर्च.

हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. १९७२ नंतरच्या टंचाईच्या काळात मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर लाटणे मोर्चे काढले. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभे राहणे हे घरात माझे काम होते. रांग संपण्यापूर्वीच रॉकेल संपले, की आईला काय सांगावे, हा माझ्या आयुष्यातील पहिला आर्थिक प्रश्न होय. त्या मोर्चांचे मोल मी जाणतो. परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रस्त्यावर लाटणे उगारणे आपल्याला जितके साधले, तितके अंदाजपत्रकाच्या पानांत बोट घालून हिशेब मागणे साधले नाही. लोहिया आणि मधू लिमये या दोन्ही गोष्टी करीत. त्यांच्यामागून आपण त्यांतील सोपी तेवढी उचलली.

बोजा कोठे लपला?

प्रथम इंधनाच्या किमतीचा इतिहास थोडक्यात पाहू. ३१ मार्च २००२ पर्यंत पेट्रोलियम पदार्थांचे भाव सरकार ठरवीत असे. एका पदार्थावर जादा आकारणी करून दुसऱ्याचा भाव खाली ठेवायचा आणि हा जमाखर्च तेल कंपन्यांच्या एका सामायिक खात्यात ठेवायचा, अशी ती व्यवस्था होती. हे खाते अंदाजपत्रकाच्या बाहेर होते. गरिबाला रॉकेल स्वस्त मिळे हे खरे. पण त्यासाठी कोणाच्या खिशातून किती गेले, हे लोकसभेला सहजी कळत नसे.

ती पद्धत गेल्यावर गॅस व रॉकेल यांचे अनुदान अंदाजपत्रकात आले. हे चांगलेच झाले होते. पुढे कच्चे तेल महागले आणि २००५-०६ पासून सरकारने नवी वाट शोधली. कंपन्यांना रोख रक्कम देण्याऐवजी रोखे दिले गेले. काही वर्षांत ही रक्कम सव्वा लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली. पण त्या त्या वर्षीच्या वित्तीय तुटीत ती धरली गेली नाही. आजचे अनुदान उद्याच्या करदात्याच्या नावे लिहिले गेले. पुढे सत्तेवर आलेल्या पक्षाने या रोख्यांवरून पुष्कळ टीका केली आणि ती अस्थानी नव्हती. पण त्या पक्षाने तरी काय केले? २०२० ते २०२२ या काळात गॅसवर आलेला तोटा कंपन्यांनी सोसला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना २२,००० कोटी रुपये एकरकमी देण्याचे मंत्रिमंडळाने ठरविले. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा ३०,००० कोटी, बारा हप्त्यांत, मंजूर झाले. रोख्यांच्या जागी कंपन्यांचा ताळेबंद आला, एवढाच फरक. निर्णय आधी होतो, पैसा आधी बुडतो आणि सभागृहापुढे येते ते शेवटचे बिल. तेही पुष्कळदा पुरवणी मागणीच्या एका ओळीत.

राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो, की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येणार नाही. या अनुच्छेदाचा शब्द पाळून त्याचा अर्थ कसा रिकामा करता येतो, याचे उदाहरण २३ मार्च २०२० रोजी पाहावयास मिळाले. टाळेबंदी तोंडावर आली होती. लोकसभेने वित्त विधेयक चर्चेविना संमत केले. त्यात ऐन वेळी घातलेली एक दुरुस्ती होती. पेट्रोलवरील विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्काची कमाल मर्यादा तिने लिटरमागे १० रुपयांवरून १८ रुपयांवर आणि डिझेलवरील ४ वरून १२ रुपयांवर नेली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेट्रोलवरील कर १० रुपयांनी आणि डिझेलवरील १३ रुपयांनी वाढला. ही सारी वाढ विशेष शुल्क आणि उपकर यांच्या रूपाने झाली. राज्यांना वाटा द्यावा लागतो तो मूळ शुल्कातून. विशेष शुल्क आणि उपकर यांतून नव्हे. डिझेल महागले की भाजी महागते, हे मंडईतल्या बाईला ठाऊक आहे. तिच्या प्रतिनिधींनी मात्र त्या दिवशी एक शब्दही न बोलता हात वर केले.

त्याच मे महिन्यात सर्वसाधारण ग्राहकाचे गॅस अनुदान थांबले. जागतिक भाव कोसळल्यामुळे अनुदानित भाव आणि बाजारभाव त्या वेळी एक झाले होते, म्हणून कोणाला काही जाणवले नाही. पुढे भाव चढले, अनुदान परतले नाही. दिल्लीत नोव्हेंबर २०२० मध्ये ५९४ रुपयांना मिळणारा सिलिंडर मार्च २०२१ मध्ये ८१९ रुपयांवर आणि जुलै २०२२ मध्ये १,०५३ रुपयांवर गेला. ग्राहकांच्या खात्यावर थेट जमा झालेले गॅस अनुदान २०१८-१९ मध्ये ३७,२०९ कोटी रुपये होते; २०२१-२२ मध्ये ते २४२ कोटी झाले. एवढे मोठे धोरण बदलले. पण 'हे अनुदान आम्ही बंद करीत आहोत' असा प्रस्ताव घेऊन सरकार सभागृहापुढे उभे राहिले नाही. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी तर सर्व खात्यांच्या अनुदान मागण्या लोकसभेत गिलोटिन लावून चर्चेविना संमत झाल्या. मग जाब कोठे विचारायचा?

विचारले तेव्हा काय झाले?

हे सर्व ऐकून 'संसदेत आता काही अर्थ उरला नाही' असे म्हणून घरी जाण्याचा मोह होईल. तो मोह आवरावा, अशी माझी विनंती आहे. कारण ज्या ज्या वेळी नीट प्रश्न विचारला गेला, त्या त्या वेळी सत्य बाहेर आले. याची तीन उदाहरणे देतो.

पहिले २०१६ सालचे. गॅसचे अनुदान थेट बँक खात्यात दिल्यामुळे प्रचंड बचत झाली, असा डिंडिम त्या काळी वाजत होता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी हिशेब तपासला. एप्रिल ते डिसेंबर २०१४ च्या तुलनेत २०१५ च्या त्याच नऊ महिन्यांत अनुदानाचा खर्च सुमारे २३,३१६ कोटींनी कमी झाला होता. त्यांपैकी २१,५५२ कोटींची घट तेलाचे भाव पडल्यामुळे होती आणि अनुदानित सिलिंडर कमी उचलले गेल्यामुळे झालेली बचत केवळ १,७६४ कोटींची होती.

दुसरे उज्ज्वला योजनेचे. ही योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि आठ कोटींवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. गरीब घरात गॅस पोहोचला, ही मोठी गोष्ट आहे आणि विरोधक म्हणून ती नाकारणे कोतेपणाचे ठरेल. परंतु त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला. त्यांनी वेगळा प्रश्न विचारला होता: जोडण्या किती, हा नव्हे, सिलिंडर वर्षातून किती वेळा भरला जातो, हा. डिसेंबर २०१८ अखेरच्या आकडेवारीप्रमाणे उत्तर आले सरासरी ३.२१. सरकारने वर्षाला बारा सिलिंडर अनुदानास पात्र ठरविले होते. शिवाय शेगडी आणि पहिला सिलिंडर अनेकींना कर्जाऊ मिळाला होता आणि ते कर्ज फिटेपर्यंत पुढील सिलिंडरांचे अनुदान त्यात वळते होत होते. ज्या घरात रोजची मजुरी रोज संपते, तेथे सिलिंडरचे पूर्ण पैसे एकाच दिवशी मोजावे लागत होते.

तिसरे उदाहरण राज्यसभेतील एका लेखी उत्तराचे, ऑगस्ट २०२२ मधील. उज्ज्वलाच्या किती ग्राहकांनी वर्षभरात एकदाही सिलिंडर भरून घेतला नाही, याचे आकडे सरकारला द्यावे लागले. २०१९-२० मध्ये ते १ कोटी ४१ लाख होते. २०२०-२१ मध्ये १० लाख. २०२१-२२ मध्ये पुन्हा ९२ लाख. शिवाय १ कोटी ८ लाख घरांनी एकदाच भरून घेतला. पाच वर्षांचे आकडे एकत्र करून 'चार कोटी तेरा लाख घरांनी सिलिंडर भरलाच नाही' असे पुष्कळांनी लिहिले. त्यांत आपली मंडळीही होती. ते चूक आहे. तेच घर दोन-तीन वर्षांत पुन्हा पुन्हा मोजले गेलेले असू शकते. चुकीची बेरीज करणारा विरोधक सरकारला सुटण्याची वाट करून देतो.

या तीन आकड्यांत जे दडले आहे ते बेरजेहून मोलाचे आहे. मधल्या वर्षी संख्या एकाएकी १० लाखांवर का आली? कारण टाळेबंदीच्या त्या वर्षी उज्ज्वलाच्या घरांना तीन सिलिंडर फुकट मिळाले. ते बंद झाले आणि लाखो स्त्रिया पुन्हा सरपणाकडे गेल्या. खेड्यातील बाईला चुलीचीच सवय असते, चुलीवरच्या भाकरीची चव तिला आवडते, असे सांगणारे विद्वान मी चर्चासत्रांतून पुष्कळ ऐकले आहेत. हातात पैसा किंवा सिलिंडर आला, की ही 'सवय' एका वर्षात सुटते, आणि भाव वाढला की परत येते. धुराचे मूळ गरिबीत आहे.

आपली भूमिका

आता थोडे आपल्याविषयी. सरसकट स्वस्त गॅस ही आपली जुनी मागणी होती. तिचा लाभ कोणाला झाला? माझ्या घरी तीस वर्षे अनुदानित गॅस येत होता. माझ्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाई त्या काळात रॉकेलच्या स्टोव्हवर आणि काटक्यांवर स्वयंपाक करीत. त्यांच्याहून मला सरकारची मदत अधिक मिळत होती आणि मी ती निमूटपणे घेत होतो. म्हणून सर्वांना सारखे अनुदान, या घोषणेकडे परत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. गरीब घराला मात्र वर्षभर पुरेल इतका गॅस, त्याच्या मिळकतीला झेपेल अशा भावात, आणि पैसे एकदम मोजावे लागणार नाहीत अशा रीतीने मिळाला पाहिजे. मे २०२२ पासून उज्ज्वलाला सिलिंडरमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये मिळू लागले. सरासरी २०१९-२० मधील ३.०१ वरून २०२३-२४ मध्ये ३.९५ झाली. दिशा बरोबर आहे, पल्ला फार मोठा आहे. महाराष्ट्रातही २०२४ च्या अंदाजपत्रकात, विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी, वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची घोषणा झाली. निवडणुकीच्या वर्षी मिळालेली मदत स्वागतार्ह आहे. पण जी मदत सभागृहाच्या हिशेबात वर्षानुवर्षे दिसत नाही, तिला हक्क म्हणता येत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक: घरगुती इंधनाच्या अनुदानात, करात किंवा पात्रतेत केलेला प्रत्येक बदल ठरावीक मुदतीत दोन्ही सभागृहांपुढे निवेदनाच्या रूपाने आलाच पाहिजे आणि त्यावर मतदानाची तरतूद हवी. दोन: पेट्रोलियम मंत्रालयाच्या मागण्या स्थायी समितीने तपासल्यावर त्या अहवालावर सभागृहात चर्चा झालीच पाहिजे. १९९३ साली या समित्या आल्या, त्या सभागृहातील चर्चेला जोड म्हणून. तिची जागा घेण्यासाठी नव्हे. तीन: कंपन्यांना द्यावयाची भरपाई त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात दिसली पाहिजे, दोन वर्षांनी नव्हे.

या मागण्या वरून मान्य होणार नाहीत. त्यासाठी खालून आकडे आले पाहिजेत. आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या वस्तीतील वीस-पंचवीस घरे धरावीत. सिलिंडर कितव्या महिन्यात संपला, परत केव्हा भरला, मध्ये कशावर शिजविले, सरपणाला किती वेळ आणि किती पैसा गेला, हे एका वहीत वर्षभर लिहावे. ही वही घेऊन खासदाराकडे जावे, तो कोणत्याही पक्षाचा असो, आणि त्याला एक प्रश्न विचारावयास सांगावे. जिल्ह्याजिल्ह्यातून असे प्रश्न गेले, तर मंत्र्याला जोडण्यांचा आकडा सांगून खाली बसता येणार नाही.

साठ वर्षांपूर्वी तीन आण्यांचा हिशेब मांडणाऱ्या माणसापाशी मोठा पक्ष नव्हता, बहुमत तर नव्हतेच. आकडा होता आणि तो विचारण्याची हिंमत होती. ती वही ज्या दिवशी आपल्या हातात येईल, त्या दिवशी लाटण्याचाही धाक वाढेल.