मी अजून समुपदेशक नाही



आपल्या ग्रुपवर कुणीतरी मला ‘समुपदेशक’ करून टाकलंय. दोघांनी मुलांना मरोळला माझ्या घरी आणू का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. राग आला असेल, म्हणून सांगते.

सीप्झमधली नोकरी सांभाळून मी इग्नूच्या मानसशास्त्र एमएला प्रवेश घेतलाय. मी प्रवेश घेतला तेव्हा तिथे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालत असे, आमच्यासारखे इंजिनिअरही. अभ्यास घरी होतो. पण रडणाऱ्या मुलासमोर गप्प कसं बसायचं, हे जाणत्याच्या देखरेखीखालीच शिकावं लागतं. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणतो ते बघा: भारतीय पुनर्वास परिषदेची मान्य पात्रता, किंवा एमएनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह. नुसत्या एमएवर लावलेल्या समुपदेशकाच्या पाट्याही मी पाहिल्यात.

आमच्या टीममधल्या एका पोराला मी पूर्वी ‘विचार करू नकोस, कामात गुंतव स्वतःला’ असं सांगितलं होतं. आठवड्यात नोकरी सोडून गेला. अजून माझा फोन उचलत नाही.

तेव्हा कुणाकडेही गेलात तरी विचारा, प्रत्यक्ष काम कुणाच्या हाताखाली शिकलात, किती दिवस? मुलांना घेऊन माझ्याकडे जरूर या. चहा पिऊ, मग चांगल्या डॉक्टरांकडे मीही सोबत येईन.