पट्टीवर नसलेली ओळ

(जवळा बाजार येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



हळद शिजवण्या-वाळवण्याचे हे दिवस. दिवसभर उन्हात आणि वाफेत राबून तुम्ही रात्री व्याख्यानाला आलात, म्हणून मी सुरुवात तुमच्या मोंढ्यापासूनच करतो. माल विकला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई, सारे ओळीने लिहिलेले असते. पोते उचलणाऱ्या हमालाचे नाव आपल्याला ठाऊक नसते, पण त्याच्या कष्टाची ओळ पट्टीवर असते आणि म्हणून त्याला त्याचे पैसे मिळतात. ज्या कामाची ओळ पट्टीवर नाही, ते काम चार दिवस उपकार म्हणून होते आणि पाचव्या दिवशी बंद पडते.

आज मला दवाखान्याच्या पट्टीविषयी बोलायचे आहे. डॉक्टर रुग्णाला फोनवर किंवा व्हिडिओवर तपासतो, सल्ला देतो, गोळी बदलतो. या कामाची ओळ आपल्या सरकारी आरोग्य विम्यात कुठे आहे, हा आजचा विषय.

आधी आपली योजना कशी चालते ते पाहू. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत आपला शेजारी नांदेड होता, आपला हिंगोली जिल्हा नव्हता. आपल्याकडे ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, उरलेल्या महाराष्ट्राबरोबर आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून चालते. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण दीड लाखावरून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर नेले, आणि पिवळ्या-केशरी कार्डाची अट काढून राज्यातल्या सर्व कुटुंबांना दार उघडले. हे मोठे काम आहे. ज्या घरांनी पूर्वी ऑपरेशनसाठी एकर-अर्धा एकर विकला, त्यांना याचे मोल सांगायला नको.

आता पैसे कसे मिळतात? रुग्ण अंगीकृत रुग्णालयात जातो. तिथे आरोग्यमित्र त्याची कागदपत्रे पाहून नोंदणी करतो. डॉक्टर निदान करून ठरलेल्या यादीतले पॅकेज निवडतात आणि ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतात. परवानगी आली की उपचार होतात. सुट्टीनंतर कागदपत्रे आणि तपासण्यांचे अहवाल चढवून रुग्णालय दावा लावते आणि पॅकेजची रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. या सगळ्याचा पाया एकच आहे, तो म्हणजे खाट. दाखल झालेल्या रुग्णासाठी ही योजना आहे. दाखल न होता घेतलेला बाह्यरुग्ण सल्ला तिच्यात बसत नाही. समोरासमोरचा सल्लाच जिथे बसत नाही, तिथे फोनवरचा कुठून बसणार?

याचा परिणाम काय होतो? समजा, औंढा तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या आजी आहेत. रक्तदाब आहे, साखर आहे. चक्कर येते म्हणून त्या मुलाच्या मोबाइलवरून परभणीच्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारतात. डॉक्टर दहा मिनिटे बोलतात, आकडे विचारतात, गोळीची वेळ बदलतात. मुलाची मजुरी वाचते, एस.टी.चे भाडे वाचते, आजींची दगदग वाचते. या दहा मिनिटांसाठी योजनेत दावा लावायला जागा नाही. पण हेच बोलणे झाले नाही, रक्तदाब वाढत गेला आणि एक दिवस त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला, तर त्याच आजींसाठी योजना हजारो रुपये मोजायला तयार आहे. तीस वर्षे मराठवाड्यात रुग्ण तपासताना मी हे पुन्हापुन्हा पाहिले. आपण बांध फुटल्यावर पैसे देतो, बांधावर माती टाकणाऱ्याला देत नाही.

तुमच्यातले कोणी म्हणतील, डॉक्टर, उपकेंद्रात तर फुकट व्हिडिओवर डॉक्टर दाखवतात! बरोबर आहे. ती ई-संजीवनी. मोहालीच्या सी-डॅक संस्थेने घडवलेली ही व्यवस्था नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. कोविडच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, घरी बसून डॉक्टरांशी बोलण्याची सोय तिच्यात आली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशभरात दहा कोटी सल्ले तिच्यावरून झाले. तिथे बिलाचा प्रश्न येत नाही, कारण पलीकडचा डॉक्टर सरकारी पगारावर किंवा मानधनावर असतो. रुग्णासाठी ते मोफत आहे आणि तसेच राहिले पाहिजे.

पण अलीकडच्या बाजूला कोण बसते ते पाहा. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांना आपण सीएचओ मॅडम म्हणतो, त्या आजींचा रक्तदाब मोजतात, साखर तपासतात, माहिती भरतात, डॉक्टर काय म्हणाले ते आपल्या बोलीत समजावतात आणि गोळ्या देतात. व्हिडिओवरची तपासणी डॉक्टरांच्या डोळ्यांनी होते, पण हात या मॅडमचे असतात. तिथे सल्ल्यांची संख्या मोजली जाते. आजींचा रक्तदाब ताब्यात आला का, हे त्याच काळजीने मोजले गेले पाहिजे.

फोनवरच्या सल्ल्याचे पैसे द्यायला कायद्याची अडचण असेल, असे कुणाला वाटेल. तीही नाही. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे देशात लागू झाली. रुग्णाची ओळख आणि संमती घ्यावी, नोंद ठेवावी, औषधचिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा, काही औषधे फोनवरून लिहूच नयेत, असे सारे त्यात आहे. शुल्काबाबत ती स्पष्ट सांगतात की हा सल्ला समोरासमोरच्या सल्ल्यासारखाच मानावा आणि घेतलेल्या शुल्काची पावती द्यावी. त्याच वर्षी जूनमध्ये विमा नियामकाने विमा कंपन्यांना सांगितले, की ज्या पॉलिसीत डॉक्टरांचा सल्ला समाविष्ट आहे तिथे दूरवैद्यक सल्लाही धरा. म्हणजे ज्याला पॉलिसी परवडते त्याच्या पट्टीवर ही ओळ आली. वाडीवरच्या आजींच्या पट्टीवर ती यायची आहे.

इतर देशांनी काय केले? अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा आहे. कोविडपूर्वी त्यात व्हिडिओ सल्ल्याचे पैसे बहुतेक वेळा तेव्हाच मिळत, जेव्हा ग्रामीण भागातला रुग्ण जवळच्या दवाखान्यात येऊन बसे. पण त्या दवाखान्यालाही, केवळ रुग्णाला बसवून जोडून दिल्याबद्दल, वेगळे शुल्क मिळे. रुग्णाच्या बाजूच्या कष्टाची ओळ त्यांनी पट्टीवर लिहिली होती. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने डिसेंबर २०२२ पासून नवे दर लावले. ओळखीच्या रुग्णाला व्हिडिओवर पाहिले तर समोरासमोरइतके पैसे, फोनवर बोलले तर त्याच्या ८५ टक्के. डॉक्टरने रुग्णाला कधी प्रत्यक्ष पाहिलेलेच नसेल, तर व्हिडिओला फक्त २० डॉलर आणि फोनला १५. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२० मध्ये अट घातली, की फॅमिली डॉक्टरने गेल्या बारा महिन्यांत रुग्णाला एकदा तरी प्रत्यक्ष तपासलेले असावे, तरच सरकार दूरच्या सल्ल्याचे पैसे देईल. ओंटारियो आणि ऑस्ट्रेलिया, दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच. डॉक्टर आणि रुग्ण यांची ओळख आधी, पैसे नंतर.

हे तत्त्व आपल्या सर्वांत मोठ्या शंकेचे उत्तर आहे. शंका अशी, की फोनचे पैसे द्यायला लागलो तर खोट्या दाव्यांचा पूर येईल. ही भीती खरी आहे, मी ती हलक्यात घेत नाही. पण खोटी पट्टी निघते म्हणून आपण मोंढा बंद करत नाही, काटा तपासतो. ज्या डॉक्टरने रुग्णाला सहा महिन्यांत प्रत्यक्ष पाहिले आहे, त्यालाच पैसे द्यावेत. प्रत्येक सल्ल्याची चिठ्ठी रुग्णाच्या चौदा अंकी आभा क्रमांकाला, म्हणजे आरोग्य खात्याच्या क्रमांकाला, जोडावी. सल्ला झाला की रुग्णाच्या मोबाइलवर मराठीत संदेश जावा आणि त्याने होकार दिल्याशिवाय दावा पुढे सरकू नये.

हे सारे नव्याने उभारण्याचीही गरज नाही. बीज आपल्याच योजनेत आहे. राजीव गांधी योजनेच्या काळातच ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुरावा पॅकेज ठेवलेली होती. म्हणजे रुग्ण घरी गेला तरी उपचार संपत नाहीत, हे महाराष्ट्राने तेव्हाच मान्य केले होते. माझी मागणी एवढीच, की पाठपुराव्याच्या पॅकेजात फोन आणि व्हिडिओ सल्ल्याची स्वतंत्र ओळ लिहावी आणि रुग्णाच्या बाजूला बसून काम करणाऱ्या उपकेंद्राला त्यातला ठरलेला वाटा द्यावा. रक्तदाब, मधुमेह आणि गरोदरपणातली जोखीम या तीन गोष्टींपासून सुरुवात करावी. फोनचा दर व्हिडिओपेक्षा कमी ठेवा, पण शून्य ठेवू नका, कारण आपल्या कितीतरी वाड्यांवर आवाज पोचतो आणि चित्र अडकते.

तुम्ही काय करू शकता, ते सांगून थांबतो. फोनवर सल्ला घेतलात तर चिठ्ठी मागा, पैसे दिलेत तर पावती मागा आणि दोन्ही कागद रेशनकार्डासारखे जपून ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, उपकेंद्राला जन आरोग्य समिती असते. त्या बैठकांना जा. गेल्या महिन्यात किती जणांना व्हिडिओवर डॉक्टर दाखवले आणि त्यांतल्या किती जणांचा रक्तदाब ताब्यात आला, असे दोनच प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. मोंढ्यात पट्टी वाचल्याशिवाय तुम्ही घरी जात नाही. दवाखान्याची पट्टीही तशीच वाचायला लागा.