भूकंपानें ओसाड झालेली जमीन व गांवकीचा विचार



ज्युबिली हा शब्द आज आपणां सर्वांच्या मुखीं आहे. परंतु त्या शब्दाचा जमिनीशीं किती निकटचा संबंध आहे, हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें. जुन्या करारांतील लेवीय ह्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचा जो नियम घालून दिला आहे, तो मुख्यतः जमिनीविषयींचाच आहे. दर पन्नासाव्या वर्षीं, विकली गेलेली भूमि तिच्या मूळ कुळाकडे परत जावी. कारण भूमि परमेश्वराची आहे व मनुष्य तिजवर केवळ वस्तीला आलेला आहे, असा त्याचा आशय. म्हणून ह्या मंगल प्रसंगीं जमिनीविषयींच चार शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें आहे. गोष्ट दूरदेशच्या एका लहान शहराची आहे. मोडून पडलेल्या वस्तीच्या जागेचें पुढें काय करावें, आणि तें कोणीं ठरवावें, हा प्रश्न त्या शहरापुढें उभा राहिला होता.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्राइस्टचर्च हें मोठें शहर आहे. त्याच्या उत्तरेस सुमारें वीस किलोमीटरांच्या आंत कायापोई नांवाचें गांव त्याच नांवाच्या नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेलें आहे. ही नदी पुढें वायमाकारिरी ह्या मोठ्या नदीस मिळते, व समुद्रही तेथून फार दूर नाहीं. जवळच्या एका प्रसिद्ध माओरी गढीवरून गांवास हें नांव पडलें. एके काळीं नदीच्या धक्क्याला गलबतें लागत, आणि येथील लोकरीची गिरणी देशभर नांवाजलेली होती. नदीनेंच हें गांव पोसलें व वाढविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

२०१० सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ४ तारखेस पहांटे ४ वाजून ३५ मिनिटांनीं त्या प्रांतांत ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. आपल्या महाराष्ट्रांत १९९३ सालच्या सप्टेंबरच्या ३० तारखेस किल्लारीच्या बाजूला जो अनर्थ झाला, तोही पहांटेचाच. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. किल्लारीस दगडमातीच्या जड भिंती व माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं आणि हजारों जीव गेले. तेथें घरांनीं घात केला. कायापोईचीं घरें बहुतांशीं लाकडी सांगाड्याचीं व हलकीं. तीं माणसांवर कोसळलीं नाहींत. तेथें दगा दिला तो जमिनीनें.

हें कसें झालें तें समजून घेतलें पाहिजे, कारण पुढचा सारा विचार त्यावरच उभा आहे. नदीकांठची ती भूमि म्हणजे नदीनेंच आणून टाकलेली बारीक वाळू व गाळ. तींत थोड्याच खोलीवर पाणी भरलेलें. अशी जमीन जोरानें हादरली म्हणजे वाळूचे कण एकमेकांचा आधार सोडतात, त्यांच्यामधल्या पाण्यावर दाब चढतो, आणि इतका वेळ भक्कम वाटणारी भूमि क्षणांत चिखलासारखी पातळ होते. भेगांतून करडी वाळू व पाणी उसळून वर आलें. जमीन नदीकडे सरकली. घरांचे पाये तुटले, कित्येक घरें कललीं, मैल्याचे व पिण्याच्या पाण्याचे नळ फुटले. पुढें २०११ सालच्या फेब्रुवारीच्या २२ तारखेस दुसरा मोठा धक्का बसला व त्यांत १८५ माणसें मृत्यु पावलीं. त्या धक्क्याचा मुख्य मार क्राइस्टचर्चवर होता, तरी सर्व प्रांताचें धैर्य त्यानें खचविलें.

२०११ सालच्या जून महिन्यांत सरकारनें आपला निर्णय जाहीर केला. जेथें जमीन दुरुस्त करण्याचें काम फार मोठें, लांबणीचें व बेभरंवशाचें ठरेल, असे भाग नकाशावर लाल रंगानें दाखविले गेले. ह्या लाल पट्ट्यांतील विमा उतरलेल्या घरमालकांस २००७ सालच्या सरकारी आंकणीप्रमाणें किंमत देऊं केली गेली. कायापोई व जवळच्या किनाऱ्यावरील पाइन्स बीच आणि कायराकी ह्या वस्त्या मिळून सुमारें एक हजार मालमत्ता व सुमारें शंभर हेक्टर जमीन ह्या पट्ट्यांत आली. बहुतेकांनीं किंमत घेऊन घरें सोडलीं. कांहीं थोडे मात्र आपल्या जागेवरच राहिले. ज्यांचा विमा नव्हता किंवा ज्यांचे भूखंड मोकळे होते, त्यांस आरंभीं जमिनीच्या किंमतीच्या निम्मीच रक्कम देऊं केली गेली. त्यांतील कित्येक न्यायालयांत गेले, आणि २०१५ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायद्यास धरून झाला नसल्याचें ठरविलें. आपत्तींतही दुबळ्याचा हक्क पातळ होऊं नये, हा त्यांतला बोध.

घरें काढून नेलीं गेलीं. रस्ते राहिले, अंगणांतलीं झाडें राहिलीं, आणि मध्यें नुसतें गवत. ज्यांनीं तेथें लेंकरें वाढविलीं त्यांस तें गवत पाहणें किती कठीण गेलें असेल! अशा वेळीं सोपे मार्ग दोनच दिसतात. एक, कुंपण घालून जमीन विसरून जाणें. दुसरा, जो अधिक दाम देईल त्यास ती देऊन टाकणें. कायापोईनें तिसरा मार्ग धरला. २०१४ सालीं भूकंपोद्धाराचें सरकारी खातें व वायमाकारिरी डिस्ट्रिक्ट कौन्सिल ह्यांनीं लोकांसच विचारलें, कीं ह्या भूमीचें काय व्हावें असें तुम्हांस वाटतें?

सूचना नाना प्रकारच्या. कोणास नदीकांठानें पायवाट हवी, कोणास मुलांसाठीं क्रीडांगण. कोणी म्हणे देशी झाडांचें रान वाढूं द्या. कोणी म्हणे भाजीपाल्याचे सामाईक मळे करा. दुकानदारास बाजारपेठेला लागून उद्योगधंद्यास जागा हवी, तर जुन्या रहिवाशास आपल्या गल्लीची कांहीं खूण राहावी असें वाटे. ह्या सर्व इच्छा एकाच जागेंत मावणाऱ्या नव्हत्या. परंतु मागणी मांडतांना मनुष्यास शेजाऱ्याची मागणीही ऐकावी लागते, आणि तेथूनच खरी गांवकी सुरू होते.

ह्या विचारविनिमयांतून जी योजना तयार झाली, तिला २०१६ सालच्या डिसेंबरांत मंत्र्यांनीं मान्यता दिली. तींत बराच भाग हिरवळ व बागांसाठीं ठेविला; बाजारपेठेजवळचा कांहीं भाग धंद्यासाठीं, कांहीं शेतीसारख्या उपयोगासाठीं, आणि कांहीं खेळांसाठीं नेमिला. राहिलेल्या घरमालकांचाही विचार केला. गांवच्या पूर्वभागीं लोकांनीं स्वतःच्या श्रमानें फळझाडांचें एक सामाईक रान उभें केलें आहे. त्याचीं फळें सर्वांसाठीं आहेत. जेथें घराचा भार पेलवला नाहीं, तेथें सफरचंदाचें झाड सुखानें उभें राहतें.

योजनेंतील आणखी एक कलम आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. त्या भागाचे मूळ रहिवासी न्गाई तूआहूरिरी हे माओरी लोक. नदी, ओढे व दलदली ह्यांतून अन्न मिळविण्याच्या जागा त्यांस फार मोलाच्या. १८४८ सालीं सरकारनें त्यांच्या जमातीकडून हा विस्तीर्ण मुलूख विकत घेतला, तेव्हां अशा जागा राखून ठेवण्याचें वचन दिलें होतें. तें पाळलें गेलें नाहीं. दीडशें वर्षांनीं, १९९८ सालीं, कायदा करून सरकारनें अन्यायाची क्षमा मागितली व कांहीं भरपाई दिली. आतां ह्या योजनेंत त्यांच्या परंपरेसाठीं व अन्नाच्या जागांसाठीं मुद्दाम भूमि नेमिली गेली. लेवीयांतील तो जुना नियम येथें कोणीं पुढें केला नव्हता, तरी मूळ कुळाचें स्मरण झालें, हें थोडें नव्हे.

बंधुभगिनींनो, ह्यांतून आम्हांस तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली ही, कीं आधीं जमिनीस विचारावें. तिच्या पोटांत काय आहे, पाणी किती खोल आहे, नदी पूर्वीं कोठून वाहत होती, हें जाणल्यावांचून केलेला बेत वाळूवरचें घर होय. दुसरी ही, कीं जे तेथें राहिले, जे तेथून गेले, आणि जे सर्वांच्या आधीं तेथें होते, त्या तिघांसही विचारावें. केवळ आज ज्यांचा आवाज मोठा आहे त्यांनींच ठरविलें, तर तो गांवाचा निर्णय नव्हे. तिसरी ही, कीं सुचविणें सोपें, सांभाळणें कठीण. गवत दर वर्षीं वाढतें, रोपांस दर उन्हाळ्यांत पाणी लागतें. जो सूचना करील त्यानें कुदळ धरण्यासही पुढें व्हावें.

मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. लोकमत विचारलें म्हणजे गेलेलें घर परत मिळत नाहीं. उद्यान कितीही सुंदर झालें तरी ज्याचें अंगण त्याखालीं गेलें त्याचें दुःख त्याचेंच राहतें. म्हणून आधीं न्याय्य मोबदला आणि मग उद्यान, हाच क्रम योग्य.

आपल्या गांवांतही सामाईक जागा आहेत: विहिरी, गायरानें, जुन्या शाळांचीं आवारें, ओढ्यांचे कांठ. त्यांजवर भूकंप आलेला नाहीं. परंतु दुर्लक्षानेंही जमीन ओसाड पडते. ह्या ज्युबिलीच्या वर्षीं आपापल्या वाडीनें अशी एकेक जागा निवडावी, वाडींतील थोरांस, स्त्रियांस व मुलांस एकत्र बसवून तिचा विचार करावा, आणि पावसाळ्यापूर्वीं कामास लागावें, एवढी आमची आपणांस आग्रहाची विनंती आहे.